मुहूर्ताची तोडी

नवरा जिथे वाजवायला जाईल तिथे दैवानै आयुष्यात कधी गेली नव्हती. वाजवणाऱ्यांच्या बायकांना लग्नाचं आमंत्रण नसतं, आणि असतं तरी ती गेली नसती. घरात उठता-बसता जे ऐकायचं तेच ऐकायला नटूनथटून कोण जाईल? पण राजमाणिक्कम मुदलियारांच्या मुलीच्या लग्नाला ती न बोलावता गेली. ठेवणीतली साडी नेसली, बायकांच्या घोळक्यात खांबाला टेकून बसली आणि कुणी हातात दिलेली कॉफी तशीच निवत ठेवली.

कारण तिच्या नवऱ्याचे, म्हणजे वैद्यलिंगम पिळ्ळैंचे, समोरचे दात गेले होते.

नादस्वरमवाल्याचे दात जाणं ही काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे. सनईसारख्या त्या लांब वाद्याची बोरूची पत्ती ओठांत धरायची, आणि ओठांना आधार दातांचा. दिवाळीनंतर दात काढले आणि वाद्य खुंटीला लागलं. तेव्हापासून माणूस ओट्यावर बसून राहायचा. वाढलं ते खायचा, विचारलं तर मान हलवायचा. पूर्वी नदीवरून येताना अख्खा राग गुणगुणत यायचे, शेजारचे लोक त्यावरून म्हणायचे, पिळ्ळै आले. आता ते कधी आले नि कधी गेले हे दैवानैलासुद्धा कळत नसे. मग कुंभकोणमच्या डॉक्टरांनी कवळी बसवली. कवळीवर सराव सुरू झाला, पण दहा वेळा सूर नीट लागला की अकराव्यांदा वाद्य मान पिरगाळलेल्या कोंबड्यासारखं ओरडायचं.

आणि काल दुपारी जेवता जेवता ते म्हणाले होते, "उद्या जमलं तर जमलं. नाही तर वाद्य देवळात नेऊन ठेवतो. मग कुणी मला त्याबद्दल विचारायचं नाही."

त्यांचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ. एकदा कॉफीवाल्याशी वाजलं म्हणून त्यांनी कॉफी सोडली होती, ती पुन्हा कधी तोंडाला लावली नाही. वाद्य देवळात गेलं की तो माणूस ओट्यावरून उठणार नाही, हे दैवानैला स्वच्छ दिसत होतं.

मांडवाच्या कोपऱ्यात षण्मुगम तविलचे, म्हणजे साथीच्या ढोलाचे, पट्टे आवळत होता. तो तिचा धाकटा भाऊ, आणि पिळ्ळैंच्या साथीला तोच. बहिणीला पाहून तो उठून आला.

"अक्का, तू इथं कशाला? दाजींनी पाहिलं तर हातपाय गळतील त्यांचे."

"त्यांचे राहू दे, माझेच गळालेत. कवळी नीट बसलीय का रे?"

"मला काय विचारतेस? मी काय त्यांच्या तोंडात शिरून बघितलंय?"

"सकाळपासून काही बोलले?"

"एक शब्द नाही. तू मागं बस. आणि असं तोंड करून बसू नकोस, लग्न आहे, तेराव्याला नाही आलीस."

वाजवणं सुरू झालं. पिळ्ळै छोट्या छोट्या चिजा वाजवत होते, आणि त्याही डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालावं तशा जपून. चूक एक नव्हती. पण कुणी ऐकतही नव्हतं. पुरुष भाताच्या भावावर आले, बायका साड्यांवर. दैवानैच्या शेजारची बाई पंखा हलवत म्हणाली, "पिळ्ळै थकले हो आता. पूर्वी यांचं वाजवणं ऐकताना पंगतीतला हात पानावर तसाच राहायचा."

दैवानैला ते झोंबलं, कारण ते खरं होतं. सूर लागत होते आणि नवरा त्यात कुठेच नव्हता.

मुहूर्त जवळ आला. नवरी मुहूर्ताची साडी नेसायला आत गेली आणि तिथे, जसं नेहमी होतं तसं, साडी काही नेसून होईना. मांडव रिकामा रिकामा वाटू लागला. पुढच्या खुर्चीत मुदलियारांचे म्हातारे काका बसले होते. त्यांनी काठी आपटली.

"पिळ्ळै, हे काय चाललंय फुंकर मारल्यासारखं? तोडी होऊ द्या! तुमच्या वडिलांनी माझ्या लग्नात वाजवली होती."

दैवानै मनातल्या मनात ओरडली. मेल्या म्हाताऱ्या, तुला आत्ताच आठवायचं होतं! तोडी म्हणजे सूर हलवायचा, पिळायचा, ओढायचा, सगळा जोर ओठांवर. कवळी टिकणं शक्यच नव्हतं.

नाही म्हणायची सोय नव्हती. पिळ्ळैंनी पत्ती ओली केली आणि सुरुवात केली. दुसऱ्याच सुराला कवळी सरकली. वाद्य असं किंचाळलं की मांडवातली पोरं खिदळली. पिळ्ळैंनी तोंड पुसलं, पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. मागच्या बाकावरच्या दोघा तरण्यांनी त्या किंचाळण्याची नक्कल केली आणि मोठी माणसंही हसली. षण्मुगमनं मान खाली घातली.

पिळ्ळैंनी मांडवाकडे पाठ फिरवली.

आता उठतात, दैवानैला वाटलं. उठतात आणि थेट देवळाची वाट धरतात. मुरुगा, एवढ्या वेळी सांभाळ.

पिळ्ळैंचा हात तोंडाशी गेला. ते पुन्हा वळले तेव्हा कवळी त्यांच्या हातात होती. ती त्यांनी सगळ्यांदेखत समोरच्या पानाच्या तबकात, सुपारीशेजारी ठेवली. कुणीतरी "अय्यय्यो" म्हणालं. मग त्यांनी नुसत्या हिरड्यांवर ओठ दाबून पत्ती धरली.

आलेला सूर मोठा नव्हता. खालचा होता, जाड, थोडी हवा मिसळलेला, आजारी माणसानं घसा खाकरून बोलायला सुरुवात करावी तसा. मागच्यांना ऐकू येईना म्हणून मागचे गप्प झाले. वर चढणं जमणारच नव्हतं, तेव्हा पिळ्ळै वर गेलेच नाहीत. त्याच दोन-तीन सुरांत फिरत राहिले, आणि दर फेरीला त्यांना तिथे काहीतरी नवं सापडत होतं. डोळे मिटले. मान डोलू लागली.

जी तोडी ऐकत दैवानैनं उभा जन्म भांडी घासली ती ही नव्हतीच. इतके महिने हा माणूस ओट्यावर बसून जे बोलला नव्हता ते सगळं आता बोलत होता, आणि ते दुःखाचं असूनही त्याला ते बोलताना आनंद होत होता. तिलाही होत होता. तिचे डोळे भरून वाहत होते आणि तिला ते पुसायचंही भान नव्हतं.

नवरी येऊन बसली. नवऱ्या मुलानं मंगळसूत्र हातात घेतलं. एका वडीलधाऱ्यानं बोट वर करून हलवलं. "गेट्टी मेळम! गेट्टी मेळम!"

बोट वर झालं की राग तिथल्या तिथे टाकायचा आणि वाद्यांनी एकच कल्लोळ करायचा. गाठ बसताना शिंक, रडणं, वाकडा शब्द, काही म्हणून कुणाच्या कानी पडता कामा नये. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

पिळ्ळैंचे डोळे मिटलेलेच. षण्मुगम तर तविलवर हात ठेवून तोंड उघडं टाकून ऐकत बसलेला.

"गेट्टी मेळम!" मुदलियार ओरडले. नवऱ्या मुलाचे हात नवरीच्या गळ्याशी थांबले. पुढच्या रांगेतल्या एका गलेलठ्ठ गृहस्थांनी नाक वर केलं, डोळे बारीक केले. शिंक येऊ घातली होती.

दैवानै उभी राहिली. हाक मारावी तर तोडी तुटणार, आणि ती तुटली की पुन्हा कधी जुळेल याचा भरवसा नाही. न मारावी तर अपशकुनाचं खापर पिळ्ळैंच्या माथी, आणि मग या गावात कुणी त्यांना दारात उभं करणार नाही.

मग तिनं तोंडाशी हात नेला आणि जीभ हलवत कुलवै घातली, पेरणीला, बारशाला बायका घालतात तशी, लांब, उंच, मंगल. शेजारच्या बाईनं पंखा टाकून सूर मिसळला. मग सगळ्याच बायकांनी. मांडव त्या आवाजानं भरून गेला. शिंक झाली, पण ती ज्याची त्यालाच कळली. वर कुलवै, खाली तोडी, आणि गाठ बसली.

षण्मुगम दचकून जागा झाला आणि उगाचच तविल बडवू लागला. तेव्हा पिळ्ळैंनी डोळे उघडले.

मुदलियार तरातरा आले. "पिळ्ळै! माझ्या पोरीचं लग्न मेळमशिवाय लागलं! झोपला होतात की काय? बायका होत्या म्हणून निभावलं!"

पिळ्ळै उठले. खांद्यावरचं उपरणं काढून अदबीनं कमरेला बांधलं, हात जोडले. "चुकलो, मालक. बोट दिसलंच नाही."

"पुन्हा या घरात वाजवायला—"

"नाही येणार, मालक."

संपलं, दैवानैला वाटलं. तिनं खांब घट्ट धरला.

"फक्त एक," पिळ्ळै म्हणाले. दातांवाचून शब्द फसफसत होते, पण त्यांनी तोंडावर हात घेतला नाही. "तोडी अर्धीच झालीय. ती तेवढी पुरी करतो. मग काय बोलायचं ते बोला, मी इथंच आहे."

मागून काकांची काठी आपटली.

"राजा, बाजूला हो. मधे उभा आहेस तू, मला दिसत नाही."

मुदलियार बाजूला झाले की नाही ते पिळ्ळैंनी पाहिलंच नाही. ते कधीच खाली बसले होते आणि पत्ती ओली करत होते.