भिंतीची तब्येत

चित्रसंग्रहालय दुरुस्तीसाठी बंद झालं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद संचालकांना झाला. प्रेक्षक ही त्यांच्या मते संग्रहालयाची सर्वांत जुनी आणि असाध्य अडचण होती. प्रेक्षक येतात, चित्रांवर श्वास सोडतात आणि शेवटी पाणी प्यायला कुठे मिळेल एवढंच विचारून जातात. आता दाराला कुलूप होतं आणि संचालकांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी तेज आलं होतं.

बोळेबाईंना मात्र झोप लागत नव्हती. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण जुन्या चित्रांवरची काजळी कापसाच्या बोळ्यांनी टिपण्यात त्यांचा जन्म गेला, म्हणून सगळ्यांच्या तोंडी त्या बोळेबाई. त्यांचा जीव मोठ्या दालनातल्या एका चित्रात अडकला होता. संध्याकाळचा समुद्रकिनारा, आणि पाण्याकडे बघत उभं असलेलं अख्खं गाव. चित्र एवढं अवाढव्य, की आधी ते भिंतीवर चढलं आणि मग दालनाला दरवाजे बसले. ते बाहेर काढायचं तर इमारत पाडावी लागली असती. बोळेबाईंनी निम्मी नोकरी या चित्रासमोरच्या मचाणावर काढली होती. घरच्यांच्या वाट्याला त्या इतक्या कधी आल्या नव्हत्या, आणि घरचे संधी मिळेल तेव्हा ते ऐकवतही.

चित्र जागेवरच राहणार म्हटल्यावर बोळेबाईंनी सुताराला समोर उभं करून चित्रापुढे प्लायवुडची पेटी ठोकून घेतली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, जमिनीपासून छतापर्यंत. फटीतून धुळीचा कण जाता कामा नये, म्हणून सांधे पुट्टीने बुजवून घासून घेतले. काम झाल्यावर सुतार कानामागची पेन्सिल काढून पेटीवर ‘आत चित्र आहे’ असं लिहायला गेला, तर बाई त्याच्या अंगावर धावून गेल्या. पेन्सिलीचा दाब बसतो, शाई झिरपते, चिकटपट्टीचा डिंक सुटतो. पेटी कोरीच राहिली पाहिजे. सुतार म्हणाला, राहू दे कोरी, माझं काय जातंय. मग बाई निर्धास्त मनाने गावाबाहेरच्या गोदामात गेल्या, कारण बाकीची चित्रं तिथे नेऊन ठेवली होती आणि त्यांनाही बघायला कुणीतरी हवंच होतं.

नूतनीकरणाचं काम ज्या वास्तुविशारदाकडे होतं, तो बोळेबाईंचा सख्खा धाकटा दीर. त्याला हे काम वशिल्याने मिळालं अशी कुजबुज होती. ती खोटी होती. बाईंना कुणी विचारलं असतं, तर त्याला ते मिळालंच नसतं. दीर हुशार, बोलका आणि घाईचा. दालनाची मापं घ्यायला तो आला तेव्हा पेटी उभी होती. समोर सपाट भिंत दिसली, त्याने सपाट भिंत नकाशावर काढली. नकाशा हातात आल्यावर वायरमनने तिच्या दोन्ही बाजूंनी वायरी ओढल्या. जिप्समवाल्याने तिच्यावर जाळी मारून ओला गिलावा चढवला. रंगाऱ्याने तिला दुधी रंग दिला. समोर येईल ते गुळगुळीत करून पुढच्याच्या ताब्यात द्यायचं आणि मागे काय आहे ते विचारायचं नाही, हा बांधकामावरचा शिरस्ता सगळ्यांनी मनोभावे पाळला.

काही महिन्यांनी बाई गोदामातून परतल्या आणि थेट मोठ्या दालनात गेल्या. तिथे चित्र नव्हतं, पेटी नव्हती, फक्त एक लांबलचक दुधी भिंत होती. तिच्यासमोर संचालक हात मागे बांधून, डोळे अर्धवट मिटून उभे होते. ही शांतता बघा, ते म्हणाले. इथे अवकाश कसा मोकळा श्वास घेतोय. बाईंचा श्वास तेवढ्यात बंद व्हायची वेळ आली होती. त्यांना आधी रंगाऱ्याचा राग आला, मग दिराचा, आणि मग पेन्सिल हातात घेऊन उभा राहिलेला सुतार आठवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे त्यांना कळून चुकलं.

त्यांनी चित्र भिंतीमागे असल्याचं सांगितलं. वाटलं होतं, हाहाकार उडेल. संचालकांनी शांतपणे समिती बोलावली, आणि समितीने त्याहून शांतपणे बिस्किटं खाल्ली. भिंतीचा फोटो उद्घाटनाच्या पत्रिकेवर छापून झाला होता. एका नामांकित पुरस्कारासाठी दिराने ही भिंत धाडली होती आणि ती शेवटच्या फेरीत पोचली होती. अशा भिंतीला हात कोण लावणार? संचालक म्हणाले, “चित्र सुरक्षित आहे ना? मग भिंतीच्या पोटापेक्षा सुरक्षित जागा कुठली?” समितीने मान डोलावली. एका सदस्याने तर असंही सुचवलं, की न दिसणारं चित्र हे दिसणाऱ्या चित्राच्या पुढचं पाऊल आहे.

बाईंनी परोपरीने सांगितलं, की ओला गिलावा प्लायवुडवर बसलाय, ती ओल आत जातेय, कॅनव्हासला बुरशी धरेल. समितीने हे नोंदवून घेतलं. उद्घाटनानंतर अभ्यासगट नेमायचं ठरलं. अभ्यासगट म्हणजे काय हे बाईंना पुरतं ठाऊक होतं. मागच्या अभ्यासगटाचा अहवाल यायच्या आत त्याचे दोन सदस्य वारले होते.

रात्रीच्या जेवणाला दीर आला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? बाई वाढत राहिल्या. नवऱ्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि मुकाट्याने आमटी भुरकली. शेवटी दिरानेच तोंड उघडलं. म्हणाला, मलाही वाईट वाटतंय वहिनी, पण भिंत फोडली तर माझी आयुष्याची मेहनत जाईल.

बाईंनी आमटीचं भांडं खाली ठेवलं. चित्रासाठी हा माणूस बोट हलवणार नव्हता. इतक्या वर्षांत तो किती वेळा त्यांना डबा द्यायला मचाणाखाली येऊन उभा राहिला असेल, पण एकदाही मान वर केलेली त्यांना आठवेना. त्यांनी जरा विचार केला आणि आवाज अगदी मऊ केला.

“भाऊजी, चित्राचं सोडा. मला तुमच्या भिंतीची काळजी वाटतेय.”

“भिंतीला काय झालं?”

“आजारी आहे. मागे हवा नाही, आतली ओल कोंडलीय. प्लायवुड फुगलं, की गिलावा सुटणार. पाहुणे फीत कापत असतानाच पोपडे पडायला लागले, तर?”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. बाईंनी फक्त रोगी बदलला होता. दिराचा हात ताटातच थांबला. तो हात न धुताच संचालकांना फोन करायला बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालयात जी धावपळ झाली, तशी बाईंनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. चित्रासाठी अभ्यासगट लागत होता. भिंतीसाठी समिती चहाआधीच जमली. ओल मोजायचं यंत्र आलं. संचालक स्वतः भिंतीला कान लावून उभे राहिले. भिंत वाचवायची असेल, तर ती खोलून वाळवायला हवी, असं बाईंनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं आणि सगळ्यांनी एकमताने सह्या केल्या. दुपारपर्यंत सुतार करवत घेऊन हजर झाला. दिराला ते बघवेना, तो तोंड फिरवून उभा राहिला.

पहिली फळी निघाली तेव्हा आतून कोंदट वास आला आणि बाई पुढे धावल्या. खालच्या कडेला, वाळूवर उभ्या असलेल्या माणसांच्या पायांशी पांढरट बुरशीची साय धरली होती. वर मात्र सगळं शाबूत होतं. त्या गुडघ्यांवर बसल्या, नाक कॅनव्हासजवळ नेलं आणि रडू लागल्या. वेळेत सापडलं होतं. आणखी एखादा महिना गेला असता, तर हे गाव पायांपासून कुजत गेलं असतं.

एकेक फळी उतरत गेली आणि किनाऱ्यावरची माणसं एकामागून एक उघडी पडली. कुणी कपाळावर हात धरलेला, कुणी पोर कडेवर घेतलेलं, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. भिंत परत कधी उभी राहणार हे विचारायला संचालक पुढे आले आणि तिथेच थांबले.

त्यांनी विचारलं, “हे लोक कुणाची वाट बघताहेत?”

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून बाई निम्मी नोकरी थांबल्या होत्या. आता तो विचारला गेला होता. डोळे पुसून त्या म्हणाल्या, “सकाळी गेलेल्या होड्यांची. त्या परत आल्या नाहीत, हे त्यांना अजून कळलेलं नाही.”

संचालकांनी मान हलवली. “माझी खोली पलीकडे आहे,” ते म्हणाले. “रोज याच्यासमोरून जात होतो मी.”

मग त्यांनी पायांतले बूट काढून बाजूला ठेवले, आणि ते बाईंच्या शेजारी जमिनीवर बसले.