काउंटरवरची रांग

धारूरच्या बाजारात अजिनाथच्या मशीन पार्टच्या दुकानापुढं माणसांची रांग कधी लागत नाही. रांग लागते ती सामानाची. ज्याचं जे मोडलं असेल, झिजलेला गिअर म्हणा की चिरलेला पट्टा, ते त्यानं काउंटरवर आधीच्याच्या शेजारी ठेवायचं आणि समोरच्या लिंबाखाली जाऊन बसायचं. नंबर सामान धरून ठेवतं. वीस वर्षांत कुणाचा नंबर चुकला नव्हता, आणि खोटं कशाला बोला, अजिनाथला त्याचा जरा ताठाच होता.

त्या दिवशी साखराबाईंनी कडबा कुट्टीची बेअरिंग फडक्यातून सोडून काउंटरवर ठेवली. "चार दिस झाले मशीन बंद हाय, भाऊ. विळ्यानं वैरण तोडून तोडून हात वर होईना झालाय," म्हणाल्या आणि सावलीला गेल्या.

मागोमाग सुंदरराव आले. तालुकाभर त्यांची मळणी यंत्रं फिरतात. दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांना नेमकी त्याच नंबरची बेअरिंग हवी होती आणि कपाटात एकच उरली होती.

"तुरीचं खळं थांबलंय बे. का जाऊ दुसऱ्या दुकानात?"

अजिनाथनं लिंबाकडं पाहिलं. साखराबाई पदरानं तोंड पुसत होत्या. त्यानं त्यांची बेअरिंग दोन बोटांनी मागं सारली आणि नवी सुंदररावांच्या हातात दिली. आभाळ काही कोसळलं नाही.

साखराबाई विचारायला आल्या तेव्हा तो म्हणाला, "माल संपला, मावशी. उंद्या बघू."

"बरं. मग ही ऱ्हाऊ द्या हितंच. नंबर धरून." त्यांनी आपली बेअरिंग उचलून पुन्हा रांगेत पहिली ठेवली आणि एस.टी. गाठायला निघाल्या.

ते लोखंड अजिनाथच्या डोळ्यांपुढून हलेना. बाईनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चारलाच कुलूप लावून त्यानं बीड गाठलं, चार दुकानं पालथी घातली आणि तसली बेअरिंग मिळवूनच परतला.

दुसऱ्या दिवशी साखराबाई आल्या. काउंटरला पाच-सहा गिऱ्हाइकं होती. बेअरिंग गुपचूप देऊन मोकळं होता आलं असतं.

"मावशी, काल तुमचा नंबर मी मोडला. एकच व्हती, ती सुंदररावाला दिली."

"ठावं हाय. लिंबाखालून दिसतंय की सगळं."

"मग बोलल्या कावून न्हाईत?"

"रांग तुमची हाय, भाऊ. तुमीच बोलाया पायजे व्हतं."

अजिनाथनं बीडहून आणलेली बेअरिंग पुढं ठेवली, ती साखराबाई फडक्यात बांधू लागल्या. सुग्रीव नावाचा एक शेतकरी पंपाचा पंखा ठेवून सावलीकडं वळला होता, तो परत आला आणि पंख्यावर हात ठेवून उभा राहिला. वीस वर्षांत असं कुणी उभं राहिलं नव्हतं. अजिनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पायरी उतरता उतरता साखराबाई थांबल्या आणि सुग्रीवला म्हणाल्या, "ठिव की बाबा तिथंच. त्यानं सोताहून सांगितलंय."

सुग्रीवनं हात काढला. सावलीला मात्र तो गेला नाही.