दोघींच्या दंडावर एकच पट्टा

मित्रांनो, शिलाई मशीनशेजारी बसलेले हे जुने रक्तदाबाचे यंत्र म्हणजे मी. कारखान्यात माझी पाच वेळा तपासणी झाली होती, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवले असते. पण मला तोंड नाही, नुसते आकडे आहेत.

घरात मला मान होता. शिवणकाम करणाऱ्या सासूबाई रोज सकाळी माझा पट्टा दंडाला गुंडाळत. पुढे सुनेला दिवस गेले. पाचव्या महिन्यात तिचाही रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि मला दुसरा दंड मिळाला.

एकदा तिच्या गोळ्या संपल्या. दवाखाना दोन दिवस बंद.

"अगं, माझ्या घे की! दुखणं एकच, मग गोळी वेगळी कशाला?" सासूबाई म्हणाल्या. त्यात माया होती हो, खोट नव्हती. सुनेने गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी माझा आकडा अगदी छान! सासूबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मी फुगून बसले. आज त्याची लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या नर्सताई घरी तपासायला आल्या. आकडा पाहून खूश झाल्या, तरी म्हणाल्या, "गोळ्यांचं पाकीट दाखवा बरं." पाकीट हातात येताच त्यांचा चेहरा उतरला.

"काकू, ही गोळी तुम्हाला चांगली आहे. पण पोटातल्या बाळाच्या किडनीला इजा करू शकते."

"अरे देवा! माझ्या हातून काय झालं हे!" सासूबाई म्हणाल्या.

"मग मी गोळ्याच बंद करते," सून रडू लागली.

"अजिबात नाही!" नर्सताई म्हणाल्या. "रक्तदाब चढला तर तेही बाळाला नको. चल, आत्ताच डॉक्टरांकडे जाऊ."

डॉक्टरांनी तिची स्वतःची गोळी पुन्हा सुरू केली, सोनोग्राफी केली. "दोनच दिवस झालेत, वेळेवर आलात," ते म्हणाले. तरी पुढचे महिने घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. मग नात जन्मली, ठणठणीत! तिच्या रडण्याने शिलाई मशीनचा आवाजही ऐकू येईना.

मित्रांनो, मला आकडा कळतो, कोणी कोणाची गोळी गिळली ते कळत नाही. पोटात बाळ असताना मनाने गोळी घेऊ नका, मनाने बंदही करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

परवा शेजारीण आली. "माझ्या गरोदर लेकीचा रक्तदाब वाढलाय. तुमच्या दोन गोळ्या देता का?"

सासूबाईंनी हातातले कापड खाली ठेवले, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, "गोळ्या नाही देणार. लेकीला बोलाव, मी येते दवाखान्यात."