गोड पाण्याची गल्ली

सकाळची पाळी भरताना कपड्यांच्या त्या कारखान्यात अंगठ्याच्या मशीनपुढे रांग लागायची आणि रोज ती एकाच माणसापाशी अडायची. काजवाल्या मावशींपाशी! शर्टांना काजं-बटणं करण्यात मावशींचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण मशीनला काही तो हात पटत नव्हता. मावशी अंगठा पदराला पुसायच्या, त्यावर फुंकर घालायच्या, पुन्हा टेकवायच्या. मशीन लाल दिवा लावून किंचाळायचं.

"मावशी, अंगठ्याला डिंकबिंक लावून येता की काय?" हजेरी बघणारी बाई खेकसली. "पुन्हा असं झालं तर बिनपगारी मांडीन."

"अहो, डिंक कशाला लावू? हे बघा ना."

मावशींनी हात पुढे केला. तळहातावर डाळीच्या दाण्यांसारखे टणक फोड उठले होते. अंगठ्याची कातडी झाडाच्या सालीसारखी झाली होती. मागच्या दोघीतिघी पटकन सरकल्या.

हजेरीवाल्या बाईला सगळ्या जणी पाठीमागे 'शिस्तबाई' म्हणायच्या आणि ते तिला ठाऊकही होतं. मनाने ती वाईट नव्हती. पण नियम पाळला की आपलं काम संपलं, असं तिला वाटायचं. इतर बायकांनी कुरकुर केली तेव्हा तिने जेवणाच्या सुट्टीत मावशींसाठी दाराजवळ वेगळं स्टूल ठेवलं होतं. "खबरदारी म्हणून हं, मनाला लावून घेऊ नका," असंही वर म्हणाली होती. मावशींनी मनाला लावून घेतलं नाही असं दाखवलं आणि डबा मांडीवर घेऊन त्या भिंतीकडे तोंड करून जेवू लागल्या.

पुढे कारखान्यात वार्षिक तपासणीसाठी एक डॉक्टरबाई आल्या. केस पिकलेले, बोलणं सडेतोड. मावशींचा हात त्यांनी उजेडात धरला.

"हे कधीपासून?"

"झाली की बरीच वर्षं. कामाचे घट्टे आहेत हो."

"सुईचा घट्टा बोटाला पडतो. पायातलं काढा बघू."

तळपायांवरही तेच दाणे होते. गळ्याखाली काळे-पांढरे ठिपके होते, कोणी शिंतोडे उडवल्यासारखे. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला.

"पाणी कुठलं पिता?"

"आमच्या गल्लीतल्या बोअरचं. साखरेसारखं गोड पाणी, बाई! ह्यांच्याच सासऱ्यांनी पाडून दिलंय," मावशींनी शेजारी नावं लिहून घेणाऱ्या शिस्तबाईकडे कौतुकाने बोट दाखवलं.

शिस्तबाईचा चेहरा खर्रकन उतरला.

"कधीकधी जमिनीच्या पोटातच आर्सेनिक असतं," डॉक्टरबाई सांगू लागल्या. "आपण खोल भोक पाडतो आणि पाण्याबरोबर ते वर येतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी कातडीवर दिसतं. पुढे कॅन्सरसुद्धा होऊ शकतो. पाणी तपासल्याशिवाय खात्री नाही, पण मला दाट शंका आहे."

"आम्ही पाणी उकळून पितो, डॉक्टर," शिस्तबाई घाईघाईने म्हणाली.

"उकळल्याने जंतू मरतात. आर्सेनिक नाही मरत. उलट पाणी आटतं आणि ते आहे तेवढंच राहतं. आणि एक सांगा, ह्यांना दारात वेगळं कोणी बसवलं? हा काही कोणाला लागणारा आजार नाही!"

 शिस्तबाई खाली बघत राहिली.

डॉक्टरबाईंनी बोअरचं पाणी तपासायला पाठवलं. एवढ्या गोड पाण्यात विष कसलं, असं म्हणत मावशी मात्र तेच पाणी पीत राहिल्या. काही दिवसांनी शिस्तबाईला डॉक्टरबाईंचा फोन आला. आर्सेनिक मर्यादेच्या कितीतरी पट निघालं होतं. "सरकारी माणसं यायला वेळ लागेल. तुम्ही गल्लीला आजच सांगा. पिणं आणि स्वयंपाक, दोन्ही बंद."

"हो, हो, सांगते," शिस्तबाई म्हणाली. आणि तिने सांगितलं नाही.

कसं सांगणार? सासरे टपाल खात्यातून निवृत्त झाले, त्याच वर्षी सासूबाई गेल्या. आयुष्यभराची पुंजी ओतून त्यांनी बायकोच्या आठवणीसाठी हे बोअर पाडलं आणि नळ मुद्दाम कुंपणाबाहेर काढला. रोज सकाळी ते स्वतः नळाखालचा ओटा घासायचे. अख्खी गल्ली त्यांना 'पाणीवाले काका' म्हणायची. हे ऐकून म्हातारा हाय खाईल! लोक तोंडावर बोलतील! नवरा ट्रक घेऊन लांब गेलेला. निभावायचं कोणी?

तिने घरात विकतच्या पाण्याचा जार आणला.

"हे काय गं? आपल्या घरात विकतचं पाणी?" सासऱ्यांनी विचारलं.

"पोरीचा घसा धरलाय, बाबा. थोडे दिवस सगळेच हे पिऊ."

त्यानंतर तिला चैन म्हणून पडेना. भांडी घासताना, पोरीची वेणी घालताना, हजेरी मांडताना कान नळाकडेच लागलेले. बाहेर हंडा वाजला की ती खिडकी लावून घ्यायची. तरी आवाज यायचाच. कारखान्यात मावशी समोर आल्या की ती उगाचच दुसरीकडे निघून जायची. उद्या सांगू, ती स्वतःला म्हणायची. उद्या नक्की.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशींची सून बाटली घेऊन नळावर आली. तिचे दिवस भरत आले होते. एक हात कमरेवर ठेवून तिने बाटली भरली, दम खाल्ला आणि बाटली तोंडाला लावली.

"पिऊ नकोस!" शिस्तबाई अनवाणीच धावत सुटली. "ओत ते! आधी ओत!"

तिने बाटली हिसकून फेकून दिली. मावशींची सून घाबरून भिंतीला टेकली. हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायका जागच्या जागी थिजल्या. ओट्यावर खराटा घेतलेले सासरे वळून बघू लागले.

शिस्तबाईने तिथेच, रडत रडत, सगळं सांगून टाकलं.

 मग सासऱ्यांनी खराटा खाली ठेवला.

"तुला कधी कळलं हे?"

"परवा."

"म्हणजे जार आला त्या दिवशी."

तिने मान खाली घातली. "मला वाटलं, तुमचं मन मोडेल..."

"माझ्या मनाचं काय लोणचं घालायचंय?" म्हातारा ओरडला. त्याचा आवाज असा चढलेला गल्लीने कधी ऐकला नव्हता. "अगं, इतकी वर्षं पाजलं ते मला ठाऊक नव्हतं, एवढं तरी मी म्हणू शकतो. तू काय म्हणशील? आपल्या पोरीला जार आणि ह्या पोरीला हे?"

शिस्तबाईला वाटलं होतं, सासरे बोअरचा अभिमान सोडणार नाहीत. आणि इथे ते बोअरविषयी अवाक्षरही न काढता तिच्या गप्प बसण्याचा जाब विचारत होते! ज्यांची अब्रू राखायला ती गप्प बसली, त्यांना तसली अब्रू नकोच होती!

सासरे त्याच पावली घरोघर गेले. हात जोडून सांगू लागले, "हे पाणी पिऊ नका. धुण्याभांड्याला वापरा, पोटात घालू नका." शिस्तबाई सोबत होती. सगळीकडे सरळ उत्तर मिळालं असं नाही. एक जण म्हणाला, "आम्ही धट्टेकट्टे आहोत की! डॉक्टरांना काय, काहीतरी खूळ." एकीने दार लावून घेतलं. मागून कोणीतरी 'विषवाले काका' म्हणालं. म्हाताऱ्याने ते ऐकलं आणि पुढचं दार वाजवलं.

मावशींच्या दारात शिस्तबाईच पुढे झाली. "मावशी, मी तुम्हाला खोटं ठरवलं, वेगळं बसवलं. वर कळल्यावरही बोलले नाही."

"सुनेच्या वेळेला तरी धावलीस," मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग होता आणि तो त्यांनी लपवला नाही. "आत ये. काका, तुम्ही पण."

त्या दिवसापासून हजेरीला मावशींची सही चालू लागली. जेवणाच्या सुट्टीत शिस्तबाई आपला डबा घेऊन मावशींशेजारी बसू लागली. आधी दोघीच होत्या, मग हळूहळू इतर जणीही येऊन बसल्या.

डॉक्टरबाईंनी आजूबाजूची सगळी बोअरं तपासून घेतली. पलीकडच्या रस्त्यावरच्या एकाचं पाणी चांगलं निघालं. तिथून पाणी वाहून आणताना खांदे भरून यायचे, पण गल्ली आणू लागली. हे पाणी पिऊ नये याची खूण म्हणून काकांनी आपला नळ स्वतःच्या हाताने लाल रंगवला. मग सासरा आणि सून, दोघांनी मिळून पाणीपुरवठ्याच्या कार्यालयाचे उंबरठे झिजवले. साहेब कंटाळले, पण हे कंटाळले नाहीत. शेवटी शुद्ध केलेल्या पाण्याची लाईन गल्लीत आली.

मावशींचे डाग थोडे फिके झाले. हातापायांचे फोड पूर्ण गेले नाहीत. त्यांना डॉक्टरकडे जात राहावं लागणार आहे. झालेलं सगळंच काही भरून येत नाही.

काका आता डॉक्टरबाईंबरोबर दुसऱ्या वस्त्यांमधून हिंडतात. लोकांना म्हणतात, "माझंही पाणी गोडच होतं. तपासून घ्या."

वाचकहो, आपल्यालाही स्वच्छ दिसलं, गोड लागलं की पाणी चांगलंच वाटतं. तसं नसतं! आपल्या बोअरचं, हातपंपाचं पाणी तपासून घ्या. कोणाच्या हातावर डाग दिसले तर त्या माणसापासून लांब सरकू नका, त्याचं पाणी कुठून येतं ते विचारा. आणि धोका कळला तर शेजाऱ्याला लगेच सांगा. कोणाला वाईट वाटेल म्हणून उद्यावर ढकलू नका, कारण शेजारची माणसं ते पाणी आजच पिणार आहेत.