खांबेटेसाहेबांचं विमान

बोईसरला खांबेटेसाहेबांकडे बाई हवी आहे, असा निरोप आला तेव्हा मंगला मुरबे गावच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होती. नाव ऐकलं आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

"मी जाते," ती म्हणाली.

"तू?" निरोप आणणारी मावशी चकित झाली. "लकव्याचा माणूस हाय. बायको वारलेली, मुलगा अमेरिकेत. सगळं करावं लागंल."

"करीन."

मावशीला वाटलं, विधवा बाई, गरज असेल. मंगलाच्या मनात काय शिजतंय हे तिला कुठून कळणार!

मंगलाचा नवरा जानू मेहेर तारापूरला रंगाच्या कारखान्यात होता. एका पाळीत गॅस सुटला आणि जानू घरी आला तो चादरीत गुंडाळूनच. खांबेटे तिथले मॅनेजर. त्यांनी चौकशीत सांगितलं, माणूस दारू पिऊन आला होता, त्यानं भलताच व्हॉल्व्ह फिरवला. जानूनं जन्मात ताडीला तोंड लावलं नव्हतं. होळीला दोस्त मागे लागले की तो होडीत जाऊन झोपायचा. पण साहेबाचा शब्द तो साहेबाचा. गावातही हळूहळू तेच खरं झालं. एकदा मैनाबाईनं भर बायकांत टोमणा मारला, "पोराला वेळेत आवरला असता तर!" तेव्हापासून जानूची आई येसूबाई चारजणींत बसायची बंद झाली. आपली मासळी घेऊन एकटीच लांब कोपऱ्यात वाळवायची. मंगला कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहायची. साहेबांची गाडी काच वर करून निघून जायची.

त्यामुळे ती कामाला आली तेव्हा साहेबांनी तिला ओळखलंच नाही. ओळखणार कुठून? पाहिलं होतं कधी?

उजवा हात आणि पाय गेलेला, डावा हात थरथरता, तोंड किंचित वाकडं, पण बोलणं समजण्यासारखं होतं. मंगला त्यांना न्हाऊ घालायची, भरवायची. पहिल्या दिवशी घास तोंडाशी नेताना तिला वाटलं, हाच हात नरड्यावर ठेवला तर? पण मेलेला माणूस काय बोलणार? तिला तो बोलता हवा होता.

साहेबांच्या खोलीत कॉम्प्युटर होता. मुलगा मागच्या खेपेस आला तेव्हा विमान चालवायचा एक खेळ त्यात घालून गेला होता. साहेब दिवसभर त्याच्याकडे बघत बसायचे. स्वतःचे हात चालत नव्हते. एक दिवस म्हणाले, "मंगलाबाई, मी सांगतो ती बटणं दाबशील का?"

असं ते विमान सुरू झालं. साहेब न्यूयॉर्कहून निघाले होते आणि त्यांना जायचं होतं सॅन फ्रान्सिस्कोला, म्हणजे मुलगा राहतो त्या गावी. मुलाचा फोन सणासुदीला यायचा, तोही घाईचा. रोज दुपारी जेवण झालं की थोडं अंतर उडायचं, कुठेतरी उतरायचं, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. पडद्यावर तळी जायची, हिरवे-पिवळे चौकोन जायचे, मग ओसाड तांबडी जमीन. साहेब भारावून सांगायचे, "ही मिसिसिपी नदी. बघ केवढी!" वैतरणेच्या खाडीपलीकडे न गेलेली मंगला मान डोलवायची. खोटं कशाला, तिलाही बघायला आवडायचं. आवडायचं म्हणून अजून राग यायचा. जानूनं पालघर-बोईसरपुढे काही पाहिलं नव्हतं, आणि हा माणूस अंथरुणात बसून पृथ्वी बघत होता.

म्हणून ती विमान पाडायची. चाकं जमिनीला टेकणार तेवढ्यात बटण जरा उशिरा दाबायची. विमान आपटायचं, पडदा थबकायचा.

"अगं, लवकर दाब म्हणालो ना! धांदरट कुठली!"

"चुकलं, साहेब."

मग तोच पल्ला उद्या पुन्हा. साहेब हिरमुसून भिंतीकडे तोंड करून पडायचे. मंगला भांडी घासताना मनात हसायची. पण त्या हसण्यानं पोट भरत नव्हतं. येसूबाई अजून कोपऱ्यातच बसत होती.

करता करता डोंगर आले, बर्फ आलं. साहेब म्हणाले, "आता एकच उड्डाण. डोंगर ओलांडला की समुद्र, लाल पूल आणि माझ्या मुलाचं गाव." त्यांचे डोळे भरून आले.

मंगलानं त्यांचे डोळे पुसले. मग गोडीनं म्हणाली, "साहेब, एवढे लांब आलात. चार लोकांना दावा की. कारखान्यातल्या तुमच्या माणसांना बोलवा रविवारी. मी पोहे करते."

साहेबांची कळी खुलली. त्यांनी दोघा जुन्या इंजिनिअरांना बोलावलं. मंगलानं तिसरं नाव सुचवलं, "ते टाइम ऑफिसात हजेरी घेणारे एकनाथ तांडेल? लई आठवण काढतात म्हणे तुमची." एकनाथ मुरब्याजवळच्या सातपाटीचा. त्याच्या कानावर पडलेलं संध्याकाळपर्यंत किनाऱ्यावरच्या होडीहोडीत पोचायचं, हे मंगलाला चांगलं ठाऊक होतं.

रविवारी सगळे जमले. पोहे झाले, चहा झाला. साहेबांना धुतलेला सदरा घालून तिनं कॉम्प्युटरसमोर बसवलं. विमान डोंगरावरून निघालं. त्या दिवशी मंगलाचं एकही बटण चुकलं नाही. डोंगर मागे पडले, निळं पाणी आलं, लाल पूल दिसला. "वा, साहेब!" एक इंजिनिअर म्हणाला. धावपट्टी समोर आली.

"वेग कमी कर," साहेब म्हणाले.

मंगलानं एक बटण दाबलं. विमान हवेतच थिजलं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"काय झालं? थांबवलंस का?"

"साहेब, जानू मेहेर आठवतो?"

साहेबांनी मान वळवायचा प्रयत्न केला. "कोण?"

"तुमच्या कारखान्यात गॅसनं मेला तो. मी त्याची बायको."

एकनाथानं कप खाली ठेवला. एक इंजिनिअर उठला, "ए बाई, हा काय तमाशा? आजारी माणूस आहे."

"मी काय त्यांना हात लावला? एकच विचारते. तो प्याला होता का?"

"चौकशी झाली आहे त्याची," साहेब पुटपुटले.

"चौकशीत तुमीच बोललात. आता पुन्हा बोला. मला घाई नाय. रोज भरवते तुमाला, रोज विचारीन. विमान हितंच राहील."

साहेबांचा डावा हात बटणांकडे सरकला, कडेला आपटून घसरला. त्यांनी दोघा मित्रांकडे पाहिलं. दोघं जमिनीकडे बघत होते. मग ते पडद्याकडे बघत राहिले, त्या गावाच्या चौकोनी घरांकडे. वाकड्या ओठातून लाळ गळली. मंगलानं पुसली नाही.

"नव्हता प्यायला," ते शेवटी म्हणाले.

"मोठ्यानं."

"नव्हता प्यायला! व्हॉल्व्ह गळत होता. त्यानं येऊन सांगितलं होतं मला. मी म्हटलं, चालव तसाच, माल जायचाय." ते हुंदके देऊ लागले. "मी सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती. आता उतरव. मंगला, उतरव मला."

मंगलानं एकनाथाकडे वळून विचारलं, "ऐकलंत, दादा?"

"ऐकलं," एकनाथ म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

मग तिनं बटण दाबलं. विमान पुन्हा निघालं. साहेब ओरडले, "खाली घे, खाली!" पण मंगला उठून आपली पिशवी घेत होती. विमान सरळ जात राहिलं. धावपट्टी पोटाखालून गेली, मुलाचं गाव गेलं, किनारा गेला. पुढे नुसतं पाणी.

ती घरी पोचण्याआधी बातमी मुरब्यात पोचली होती. एकनाथाची मोटरसायकल तिच्या एसटीपेक्षा वेगात आली होती. येसूबाई दारातच उभी होती.

"त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं?"

"चारजणांत."

सकाळी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन येसूबाई थेट बायकांच्या मधोमध गेली. मैनाबाई लगबगीनं बाजूला सरली, "ये गं, बस."

"तू ऊठ," येसूबाई म्हणाली. "तू कोपऱ्यात जा. काही वर्सं बसून बघ तिथं."

मैनाबाई उठली. कुणी तिची बाजू घेतली नाही.

आठवड्यानं खांबेट्यांचा माणूस मुरब्यात आला. साहेब दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाहीत, म्हणाला, कॉम्प्युटरला हात लावू देत नाहीत, मंगलाबाईंना बोलवा म्हणतात, झालं गेलं विसरा म्हणतात.

मंगला बोंबलांच्या ओळी सारख्या करत होती. तिनं वरही पाहिलं नाही.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "मी नाय विसरले."

तो गेला. साहेब भुकेले बसले असतील, हे तिच्या मनात आलं. ती घरात गेली आणि त्या दुपारी पोटभर जेवली.