साडेपाच हजार किलोमीटरची वाट

झुहैरच्या मोबाइलवर ते इवलंसं विमान अजून समुद्रावरच होतं. मॉन्ट्रियल ते कासाब्लांका, साडेपाच हजार किलोमीटर. एरवी बहीण गिझलान रात्री तिकडे बसायची आणि न्याहारीला इकडे अझमूरला हजर असायची. पण काल नेमका तिकडे बर्फ पडला आणि विमान उशिरा सुटलं.

त्यांचे वडील बूशाइब काल संध्याकाळी गेले. आज दुपारच्या नमाजानंतर दफन. दफनाला कब्रस्तानात बायका जात नाहीत. म्हणजे गिझलानला बापाचं तोंड दिसलं तर मशिदीच्या अंगणातच, नाहीतर कधीच नाही. कफनाची डोक्याकडची गाठ झुहैरनं मुद्दाम सैल ठेवायला लावली होती.

"काका, तासभर थांबू या ना," तो मिलूदकाकांना म्हणाला.

"मेलेल्याला ताटकळत ठेवायचं? आता विमान बघून माणसं पुरायची का रे?" काका खेकसले. "आणि तिला इथे जवळपास नवरा मिळत नव्हता?"

झुहैरला ते झोंबलं, पण बापाच्या भावाशी आज भांडणार कसं?

दुपारचा नमाज सुरू होता होता निरोप आला : 'उतरले. टॅक्सीत आहे. थांबा रे.' विमानतळावरून तासाभराचा रस्ता. नमाजात त्याचं मन लागलंच नाही.

जनाजा अंगणात ठेवला. इमामांनी रीतीप्रमाणे विचारलं, "बूशाइबनं कुणाचं मन दुखावलं असेल तर आत्ता सांगा, नाहीतर माफ करा."

"माफ, माफ," लोक पुटपुटले.

"मी नाही करत माफ!"

जिलाली. बूशाइबचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघांनी मिळून नदीवर उभा जन्म मासे धरलेले. काठी टेकत तो पुढे आला.

"भर बाजारात थप्पड मारली होती त्यानं मला!"

"म्हातारा चळला," मिलूदकाका ओरडले.

झुहैरचा चेहरा लाजेनं लाल झाला. "जिलालीकाका, मी मुलगा आहे. त्यांच्या वतीनं मी माफी मागतो."

"तुझी नको. लेकीनं मागायची. त्याचा जीव तिच्यावर होता."

"ती कुठे आहे इथे?"

"मग येऊ दे की तिला!"

झुहैरनं म्हाताऱ्याकडे निरखून पाहिलं. लोक चिडले, कुणी म्हाताऱ्याची दाढी धरली, कुणी शिव्या घातल्या. इमामांनी समजावून पाहिलं. जिलाली जनाज्यापाशी फतकल मारून बसला तो हलेना. इमामही पेचात पडले. मयताविरुद्धचं गाऱ्हाणं मिटल्याशिवाय जनाज्याचा नमाज पढवायला त्यांचं मन घेईना. झुहैरची नजर रस्त्यावर खिळली होती.

शेवटी टॅक्सी आली. गिझलान अनवाणीच धावत आली. झुहैरनं कफन बाजूला केलं. तिनं बापाच्या कपाळावर ओठ टेकले आणि कितीतरी वेळ उचललेच नाहीत.

मग भावानं कानात सांगितलं तशी ती जिलालीकडे वळली. "काका, बाबांच्या वतीनं माफ करा."

"कसली माफी, पोरी? त्यानं आयुष्यात कुणावर हात उचलला नाही."

मिलूदकाकांनी मान खाली घातली.

जिलाली कसाबसा उठला आणि जनाज्यावर वाकला. म्हातारा आता हमसून रडत होता. "बूशाइब, चारचौघांत तुझ्यावर खोटा आळ घेतला रे. आता मला माफ कोण करणार?"