पेटीचा पहिला मानकरी

हिंगणीत शीतपेटी आली त्या दिवशी गावानं तिला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. मुडदा ठेवायच्या पेटीला हार घालावा की घालू नये, यावर थोडी कुजबुज झाली. पण व्यापारी मंडळानं वर्गणीतून आणलेली वस्तू, वर काच, खाली चाकं, बाजूला लाल आकडे दाखवणारी इवलीशी खिडकी. इतकी देखणी चीज बिनहाराची कशी राहू द्यायची? भाषणाला वासुदेवरावांना उभं केलं, कारण गावात भाषणाची हौस त्यांनाच. ते म्हणाले, "आपले लेकरं आता कोणी पुण्याले, कोणी परदेशात. पह्यले पोरगा पोचेपर्यंत बापाची राख होये. आता बाप थांबू शकते. आपल्यासारखं भाग्यवान गाव तालुक्यात नाई!" टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "मंग उद्घाटन कोण करते?" सगळा चौक हसला. वासुदेवरावही पोट धरून हसले.

बोलाफुलाला गाठ पडायची ती पडलीच. कापसाच्या दुसऱ्या वेचणीचे दिवस होते. सकाळी ओट्यावर चहा पिता पिता वासुदेवराव भिंतीला टेकले, ते टेकलेच. त्यांची बायको कोकिळा कप उचलायला आली तेव्हा तळाशी घोटभर चहा उरला होता. "थंडा झाला न चहा," ती म्हणाली. त्यांनी उत्तर दिलं नाही, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात चहाबद्दल ते गप्प राहिल्याचं तिला आठवेना. मग तिनं किंकाळी फोडली.

समोरच्या आनंदाबाईनं गॅसवर चढवलेला भात तसाच खाली उतरवला आणि धावत आली. गल्लीत मयत असली की ती उचलेपर्यंत कोणी चूल पेटवायची नाही, तोंडात घास घालायचा नाही, असा इथला नियम. चुली कधीच्या गेल्या, घरोघर गॅस आला, पण नियमाला ते कोणी कळवलं नव्हतं. तासाभरात सगळ्या गल्लीची स्वयंपाकघरं थंड पडली. बायका कोकिळेला धरून बसल्या, पुरुष ओट्यावर, लेकरंसुद्धा दबकून. वेचणीला निघालेल्या बायांनी खोचलेले पदर सोडले आणि तिथंच बसकण मारली. माणसाची किंमत गावात अशीच कळते.

दुपारी समुद्रपूरहून मुलगी आली, जया. तोवर वासुदेवरावांचे चुलतभाऊ रूपराव यांनी बांबू आणवले होते. "वहिनी, उन्हं कलली का उचलू," ते म्हणाले. तेवढ्यात कॅनडातून धनंजयचा फोन आला. त्याला बोलताच येत नव्हतं, नुसते हुंदके. "आई, मी निघून राह्यलो. भेटन त्या विमानानं निघतो. बाबाले ठेव. एकदा पाहू दे मले."

"धनंजय आल्याबिगर उचलाचं नाई," कोकिळेनं सांगून टाकलं.

"आई, त्याले याले दोन-तीन दिवस लागतीन," जया म्हणाली. "बाबाले काऊन अडकून ठेवतं? आज सारं गाव बसलं आहे त्याईच्यासाठी."

"लागू दे तीन दिवस. पेटी कायच्यासाठी आणली मंग?"

जयाला हे ठाऊक होतं, पण तिनं ते त्या घडीला आठवू दिलं नाही: कोकिळेचा बाप गेला तेव्हा ती पहिलटकरीण, इथं हिंगणीत. निरोप सायकलवरून आला, एसटी आर्वीला बिघडली, आणि माहेरच्या गावी उतरून ती घरी न जाता थेट नदीवर धावली. लाकडं जळून खाली बसली होती. बापाचा चेहरा तिला दिसलाच नाही. धूर तेवढा डोळ्यांत गेला, आणि भावांनी ओढून घेईपर्यंत तिनं कडेच्या गरम राखेत हात घातला होता. तळहाताला फोड आले. आपल्यासारखी करंटी दुसरी नाही, हे तिनं तेव्हा मनाशी धरलं आणि पुढं जन्मभर धरून ठेवलं. आपल्या लेकराच्या वाट्याला ते येऊ नये, एवढंच तिला हवं होतं. त्यात काय चुकलं तिचं?

पेटी आली. वासुदेवराव काचेखाली निजले. कॉम्प्रेसर घुमू लागला. धनंजयनं सांगितलं तसा जयानं मोबाईल स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केला, म्हणजे त्याला बाबा दिसत राहतील. पेटीची वायर आणि मोबाईलचा चार्जर एकाच बोर्डात लागले. सामान भरता भरता, विमानतळावर जाता जाता, पडद्यावर धनंजयचा सुजलेला चेहरा दिसायचा.

"जेवला काय रे?" कोकिळेनं विचारलं. आईच्या तोंडून दुसरं काय निघणार?

"घास उतरत नाई, आई."

तिला बरं वाटलं. म्हणजे सात समुद्रांपलीकडंही एक चूल बंद होती.

त्या रात्रीचं विमान चुकलं. दुसऱ्या विमानाचं तिकीट पाहतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक पुन्हा येऊन बसले, पण बसण्यात फरक पडला होता. काल रडून झालं होतं, आज रडायला नवीन काही नव्हतं. म्हातारी माणसं भिंतीला टेकून पेंगत होती. कोणी कापसाचा भाव काढला, कोणी घड्याळ पाहिलं. कालपासून सगळी गल्ली काळ्या चहावर, तोही दुसऱ्या आळीतून मागवलेला. दहाच्या सुमाराला लाइन गेली तेव्हा तर धावपळ उडाली. मंडपवाल्याचं जनरेटर आणून दाराशी लावलं. त्याच्या धडधडीत कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येईना. लग्नात वाजतं तेच जनरेटर. लोक एकेक करून उठू लागले.

आनंदाबाई मात्र उठली नाही. ती बराच वेळ पदराशी चाळा करत बसली आणि मग कोकिळेच्या कानाशी वाकली. "कोकिळाबाई, रागावजो नको. नातवंडं लहान आहेत माह्ये. कालपासून बिस्किटावर आहेत. त्याईच्यापुरता भात टाकू काय?"

कोकिळेनं तिच्याकडं पाहिलं. भाऊ म्हणून वासुदेवरावांना ओवाळणारी बाई ही. "टाक व," ती म्हणाली. "लेकराईले काऊन उपाशी ठेवतं?"

जरा वेळानं समोरून कुकरची शिट्टी झाली. एकदा परवानगी मिळाली म्हटल्यावर गल्लीला दुसऱ्यांदा विचारायची गरज पडली नाही. शेजारून शिट्टी, मागून शिट्टी, आणि मग कोणाच्या तरी घरातून लसणाच्या फोडणीचा वास. काचेखाली वासुदेवराव होते तसेच, तजेलदार, नाकात कापसाचे बोळे. दिवसभरात त्यांच्या चेहऱ्यात तसूभर फरक पडला नव्हता. फरक पडला तो सगळा बाहेर.

आनंदाबाईनं दोन पोळ्या आणि दूध पाठवलं. कोकिळेला रक्तदाबाची गोळी, ती रिकाम्या पोटी चालत नाही. जयानं तिला मागच्या खोलीत नेऊन बसवलं. पहिला घास तोंडात फिरला, दुसरा उतरला, आणि मग तिला अशी काही भूक लागली की पोळी केव्हा संपली ते कळलं नाही. दुसरी तिनं मागून घेतली. भिंतीपलीकडं पेटी घुमत होती, नवरा मेलेला होता, आणि तिला पोळी गोड लागली. ताट सरकवताना तिनं जयाच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी धनंजय पडद्यावर आला तो दाढी करून, इस्तरीचा सदरा घालून. कोकिळा काय ते समजली. आई ती, तिला सांगावं लागत नाही.

"आई, कागदाचा घोळ आहे," तो म्हणाला. "माह्ये इथले कागद नवीन करायले टाकलेले आहेत. वकील म्हणते, आता देश सोडला तर परत आत घेणार नाईत. नोकरी जाईन, घर जाईन. मी लय कोशीस केली, आई."

तो खोटं बोलत नव्हता. सगळं खरं असूनही माणूस येत नाही, असंही असतं.

"म्हणजे येत नाईस तू," जया म्हणाली.

"जया, ऐक ना. आई, मी पाह्यलं ना बाबाले. तीन दिवसांपासून पाहूनच राह्यलो. तिथं असतो तरी इतकं पाह्यलं नसतं."

कोकिळा पेटीकडं आणि मोबाईलकडं आळीपाळीनं पाहत राहिली. एकानं बापाला लेकासाठी थांबवून धरलं होतं, आणि दुसऱ्यानं लेकाची यायची गरजच संपवली होती. दोन्ही यंत्रं आपापल्या कामाला चोख होती. दोष तरी कोणाला द्यायचा? ती उठली, बोर्डापाशी गेली आणि तिनं स्वतःच्या हातानं बटण बंद केलं. पेटी हुंकार देऊन थांबली. घरात एकाएकी इतकी शांतता झाली की तिला गरगरलं.

"भाऊजी," ती रूपरावांना म्हणाली, "उचला आता."

पहिल्या दिवशी गल्ली भरली होती. आता माणसं गोळा करायला रूपरावांना घरोघर फिरावं लागलं. अर्धी गल्ली वेचणीला गेलेली, काही जण कापसाची गाडी घेऊन आर्वीच्या बाजारात. ज्या वासुदेवरावांनी गावातल्या प्रत्येक मयतीला खांदा दिला, त्यांच्या तिरडीला खांदा बदलायला माणूस पुरेना. मडकं जयानं धरलं, कारण दुसरं कोणी नव्हतं, आणि वाद घालायलाही पुरेसे लोक नव्हते. रूपरावांच्या एका हातात मोबाईल होता. बाकी बायका रिवाजाप्रमाणे घरीच राहिल्या. बायका म्हणजे कोकिळा आणि आनंदाबाई. जाताना तिरडीचं टोक दारापाशी वळलं तेव्हा कोकिळेनं काचेशिवायचा नवरा एकदा पाहिला. गालाला हात लावला. गाल इतका थंड होता की तिनं हात झटकन काढून घेतला, आणि त्याची पुढं तिला फार लाज वाटली.

दिवस मावळताना बोर नदीवरून माणसं परतली. आनंदाबाईनं कडू घास आणला: पिठलं, भाकरी. ज्या घरातून मयत गेली त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजार हा घास आणून भरवतो. तो कडूच लागतो, कितीही चांगला केला तरी. तो गिळवत नाही म्हणून शेजारीण पाठीवर हात ठेवून बसते.

आनंदाबाईनं तुकडा मोडून कोकिळेच्या तोंडाशी नेला. कोकिळेनं तोंड फिरवलं.

"मी खाल्लं व, आनंदा. काल. ते घरात असताना. दोन पोळ्या."

आनंदाबाईचा हात तसाच राहिला. "माह्या पोळ्या त्या," ती हळूच म्हणाली. "आमची शिट्टी आयकू आली असन तुले."

"आली."

एकमेकींना माफ करावं असं काही नव्हतं, आणि केल्याशिवाय उठताही येत नव्हतं. तेवढ्यात मोबाईल वाजला. जयानं तो आईसमोर धरला. धनंजयच्या मागं त्याचं कार्यालय दिसत होतं.

"आई, सगळं दिसलं. रूपराव काकानं मोबाईल लय चांगला धरला. एकदम क्लिअर. बाबा नशीबवान, आई. माह्या डोळ्यासमोर गेले."

कोकिळेनं आपला उजवा तळहात उलटा करून पाहिला. फोडांच्या खुणा कधीच्या बुजल्या होत्या, तरी तिला त्या ठाऊक होत्या. जन्मभर जिला तिनं करंटी म्हटलं, ती नदीवर धावत गेलेली पोर तिला आठवली. तिला काही दिसलं नव्हतं. पण ती तिथं होती.

"धनंजय," ती म्हणाली, "डोळ्याले धूर लागला काय रे?"

"काय आई? आवाज तुटून राह्यला. काय म्हतलं?"

"काही नाई. जेवला काय तू?"

"हो आई. आत्ताच."

तिनं मोबाईल पालथा ठेवला. मग आनंदाबाईच्या हातातला भाकरीचा तुकडा घेतला, तोंडात घातला आणि चावत राहिली. तो कडू लागेपर्यंत ती चावणार होती. तो लागला नाही.